प्लेअरला यूएसबी साधने जोडण्याआधी

खिशात मावणाऱ्या म्युझिक प्लेअरला पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, आवाज टिपणारा रेकॉर्डर किंवा बाहेरचा डॅक (डिजिटल आकड्यांचा आवाज करणारे यंत्र) जोडता येतो का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकदा जोडून पाहिलेले असते, काहीच घडलेले नसते, आणि त्यांचे म्हणणे एकच असते की केबल तर नीट बसते, मग साधन का चालत नाही. केबल बसते याचा अर्थ दोन्ही बाजूंच्या खाचांचा आकार जुळतो, एवढाच आहे. त्यापलीकडे प्लेअरच्या आत काय आहे, त्याची बॅटरी किती वीज बाहेर देऊ शकते आणि समोरच्या साधनावरची माहिती त्याला वाचता येते की नाही, यांवर सगळे अवलंबून असते. हे आधी तपासले तर निम्म्याहून अधिक निराशा टळते असा माझा अनुभव आहे, आणि म्हणून हा लेख थोडा सविस्तर लिहीत आहे.

माझा स्वतःचा या विषयाशी संबंध आला तो ध्वनिमुद्रणामुळे. आमच्या नात्यातल्या आणि ओळखीच्या घरांतल्या वयस्कर बायकांना येणाऱ्या जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी आणि पहाटेची भजने मी जमेल तशी मुद्रित करून ठेवते. ओसरीवर लॅपटॉप उघडला की गाणारी बाई आखडते, तिला ते सरकारी काम वाटू लागते, म्हणून मी फक्त छोटा रेकॉर्डर नेते. पण एकाच कार्डावर असलेले मुद्रण हे मुद्रण नव्हेच, अशी माझी ठाम समजूत आहे. त्याच संध्याकाळी त्याची दुसरी प्रत तयार झाली पाहिजे. ज्यात मोठी साठवण आहे आणि जो तसाही माझ्या पिशवीत असतोच, असा प्लेअर या कामाला सर्वांत सोयीचा ठरतो. मात्र त्यासाठी त्याला रेकॉर्डरचे कार्ड वाचता आले पाहिजे.

यूएसबीची मूळ रचना समतेची नाही. १९९६ साली हे मानक आले तेव्हापासून त्यात एक बाजू होस्ट आणि दुसरी बाजू उपकरण अशी स्पष्ट विभागणी आहे. संवाद नेहमी होस्ट सुरू करतो. विचारल्याशिवाय उपकरण एक अक्षरही पाठवत नाही. उपकरणाला क्रमांक देणे, ते कोणत्या प्रकारचे आहे हे विचारून घेणे, त्यासाठीचा योग्य ड्रायव्हर (ते साधन चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) लावणे आणि ५ व्होल्ट वीज पुरवणे, ही सारी जबाबदारी होस्टची असते. आपण प्लेअर संगणकाला जोडतो तेव्हा संगणक होस्ट असतो आणि प्लेअर हे केवळ उपकरण असते; त्याला फक्त उत्तरे द्यायची असतात आणि वीजही फुकट मिळत असते. त्याच प्लेअरला पेनड्राइव्ह जोडायचा म्हटले की भूमिका पूर्ण उलटते. आता त्यालाच विचारायचे आहे, त्यालाच ओळखायचे आहे, आणि आपल्या छोट्या बॅटरीतून दुसऱ्याला वीजही पुरवायची आहे. ज्या प्लेअरमध्ये होस्टचे काम करणारी चिप नाही, त्यात कोणतीही केबल वापरली तरी हे घडणार नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून डिसेंबर २००१ मध्ये यूएसबी २.० ला ‘ऑन-द-गो’ नावाची पुरवणी जोडली गेली. आज कोणत्याही मोबाइलच्या दुकानात ज्याला आपण ओटीजी म्हणतो ते हेच. एकच पोर्ट कधी होस्ट तर कधी उपकरण होईल, अशी ही सोय होती, आणि कोणत्या वेळी काय व्हायचे हे ठरवण्यासाठी छोट्या कनेक्टरात एक पाचवी पिन वापरण्यात आली. नेहमीच्या चार तारांपैकी दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या असतात. ही पाचवी पिन ओळख देण्याचे काम करते. केबलच्या आत ती ग्राउंडच्या, म्हणजे विजेच्या परतीच्या तारेला जोडलेली असेल तर प्लेअर होस्ट होतो, आणि मोकळी सोडलेली असेल तर उपकरण म्हणून वागतो. साध्या चार्जिंगच्या मायक्रो-यूएसबी केबलमध्ये ती मोकळी असते. म्हणून साध्या केबलच्या दुसऱ्या टोकाला जोडणी लावून तिथे पेनड्राइव्ह खोचला, तर प्लेअरला आपण होस्ट व्हायचे आहे याची खबरच लागत नाही. ओटीजी केबल म्हणून वेगळी वस्तू विकत घ्यावी लागते ती या एका पिनेसाठी. ती अगदी स्वस्त मिळते, आणि प्लेअर होस्ट होऊ शकत असेल तर साधन न ओळखले जाण्याचे पहिले कारण बहुधा चुकीची किंवा आतून तुटलेली केबल हेच असते. म्हणून तपासणीची सुरुवात मी नेहमी दुसरी केबल लावून करते.

संगणकाशिवाय प्लेअरमध्ये माहिती उतरवून घेण्याची कल्पना जुनी आहे, आणि ती ज्या काळात जन्मली तो काळ मला फार आवडतो. २००४ साली आलेल्या आयरिव्हर कंपनीच्या एच३२० आणि एच३४० या प्लेअरमध्ये अनुक्रमे २० आणि ४० जीबीची हार्डडिस्क होती, रंगीत पडदा होता, आणि डिजिटल कॅमेरा थेट जोडून त्यातली छायाचित्रे उतरवून घेण्याची सोय होती. कॅमेऱ्याची कार्डे त्या वेळी लहान आणि महाग असत. प्रवासात कार्ड भरले की ते प्लेअरमध्ये रिकामे करायचे आणि पुन्हा वापरायचे, हा त्यामागचा विचार होता. कोवॉनच्या २००५ सालच्या आयऑडिओ एक्स५ मध्येही अशीच व्यवस्था होती. अ‍ॅपलने २००५ च्या सुरुवातीला आयपॉड फोटोसाठी कॅमेरा कनेक्टर नावाची एक छोटी डबी काढली. ती आयपॉडच्या खालच्या ३० पिनांच्या खाचेत बसे आणि तिच्या दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याची यूएसबी केबल लावता येई.

त्या पिढीच्या यंत्रांची मर्यादा होती ती वेगाची. एच३०० मालिकेतली होस्टचे काम करणारी चिप सेकंदाला १२ मेगाबिट या वेगाची होती, म्हणजे संगणकाला जोडल्यावर मिळणाऱ्या ४८० मेगाबिटच्या चाळिसाव्या भागाइतक्या. १२ मेगाबिटच्या या गतीत साठवणीच्या साधनाकडून दर मिलिसेकंदाला माहितीची ६४ बाइटची जास्तीत जास्त १९ पाकिटे जाऊ शकतात, म्हणजे सर्व काही आदर्श असताना सेकंदाला सुमारे १.२ एमबी, प्रत्यक्षात १ एमबी मिळाले तरी पुष्कळ. सीडीच्या दर्जाचे एक तासाचे स्टिरिओ मुद्रण सुमारे ६३५ एमबी भरते. ते या वेगाने उतरवायला दहा मिनिटांहून जास्त लागतात, आणि तेवढा वेळ प्लेअरची हार्डडिस्क आणि समोरचे साधन असे दोघेही त्याच बॅटरीवर चालत असतात. त्या काळातल्या प्लेअरवर छायाचित्रे उतरवताना बॅटरी इतकी का उतरे, याचे उत्तर यातच आहे.

आणि यातूनच मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. बाह्य साधन न चालण्याची जी प्रकरणे मी पाहिली आहेत, त्यांतली बरीचशी विजेची होती. प्लेअरच्या आतला लिथियमचा सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो आणि यूएसबीला हवे असतात ५ व्होल्ट. म्हणून होस्ट होणाऱ्या प्लेअरमध्ये व्होल्टेज वाढवणारे वेगळे सर्किट लागते, आणि त्या रूपांतरात काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी धरली तर तिच्यात सुमारे ७.४ वॉट-तास ऊर्जा आहे. बाहेरच्या साधनाने ५०० मिलिअँपिअर घेतले तर ते अडीच वॉट होतात, आणि रूपांतरातली तूट धरून बॅटरीवर पावणेतीन ते तीन वॉटचा भार पडतो. म्हणजे प्लेअरने स्वतःसाठी काहीही खर्च केले नाही असे मानले तरी पूर्ण भरलेली बॅटरी अडीच तासांच्या आसपास संपते. हा हिशेब मी मुद्दाम मांडते, कारण प्लेअरला मोठी हार्डडिस्क जोडून रात्रभर गाणी ऐकण्याची इच्छा बाळगणारे लोक मला भेटतात, आणि त्यांनी तो एकदा कागदावर करावा असे मला मनापासून वाटते.

संगणकाचे यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देण्यास बांधील असते. प्लेअर तसा बांधील नाही. ओटीजीच्या मूळ पुरवणीत होस्टने किमान किती वीज द्यावी याचा आकडा होता फक्त ८ मिलिअँपिअर! त्याहून अधिक किती द्यायचे, हे उत्पादकाने आपल्या यंत्राला कोणती साधने चालवायची आहेत ती यादी करून ठरवावे, अशी योजना होती. याचा परिणाम असा की, एखाद्या प्लेअरवर ओटीजी हे अक्षर प्रामाणिकपणे छापलेले असूनही तो १०० मिलिअँपिअर मागणारा पेनड्राइव्ह नाकारू शकतो, आणि त्यात मानकाचा भंग होत नाही. म्हणून माहितीपत्रकात ओटीजी हा शब्द दिसला की मी थांबत नाही; सोबत मिलिअँपिअरचा आकडा किंवा चालणाऱ्या साधनांची यादी आहे का, ते शोधते.

साधन जोडले की ते आपल्याला जास्तीत जास्त किती वीज लागेल हे होस्टला सांगते, आणि तो आकडा झेपणारा नसेल तर चांगला प्लेअर तसा संदेश दाखवून साधन बंद ठेवतो. साधा प्लेअर मात्र प्रयत्न करून पाहतो, व्होल्टेज पडते, आणि मग जी लक्षणे दिसतात ती ओळखता आली पाहिजेत. पेनड्राइव्हचा दिवा एकदा लुकलुकून विझतो. हार्डडिस्क टक्-टक् असा आवाज करत पुन्हापुन्हा फिरायचा प्रयत्न करते. प्लेअर स्वतःच बंद पडून नव्याने सुरू होतो. किंवा सगळ्यांत वाईट म्हणजे प्रत करणे निम्म्यावर तुटते. अडीच इंची फिरत्या हार्डडिस्कला गती घेण्याच्या क्षणी १ अँपिअरच्या आसपास वीज लागू शकते, आणि ती खिशातल्या प्लेअरकडून मागणे अन्यायाचे आहे. अशी डिस्क वापरायचीच असेल तर मध्ये स्वतंत्र वीजजोडणी असलेला हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारी डबी) ठेवावा. विजेशिवायचा साधा हब या कामाचा नाही, कारण तो पुढच्या प्रत्येक खाचेला जेमतेम १०० मिलिअँपिअर देण्यासाठीच बनलेला असतो, आणि स्वतःसाठीही त्यातूनच घेतो.

रेकॉर्डरच्या बाबतीत मी एक पद्धत ठरवून घेतली आहे आणि ती मला पूर्णपणे पटलेली आहे. रेकॉर्डर केबलने जोडायचा नाही. त्यातले कार्ड काढायचे, छोट्या कार्ड रीडरमध्ये घालायचे आणि तो रीडर प्लेअरला लावायचा. बरेच रेकॉर्डर स्वतःचे सेल असतानाही यूएसबी जोडल्यावर वीज समोरून घेऊ लागतात, त्यांचा पडदा आणि दिवे चालू राहतात, आणि वर ‘साठवण’ की ‘ऑडिओ इंटरफेस’ असा प्रश्न विचारतात, ज्यात इंटरफेस निवडला गेला तर फाइली दिसतच नाहीत. कार्ड रीडर यातले काही करत नाही आणि वीजही थोडी घेतो. रीडर निवडताना एकाच प्रकारच्या कार्डाचा, एका खाचेचा घ्यावा. अनेक खाचांचे रीडर होस्टला अनेक वेगवेगळ्या ड्राइव्हसारखे दिसतात, आणि साधे प्लेअर त्यांतला फक्त पहिला पाहतात. आपले कार्ड तिसऱ्या खाचेत असेल तर प्लेअरच्या दृष्टीने ते नसतेच.

वीज मिळाली, साधन ओळखले गेले, तरी त्यावरची मांडणी वाचता आली पाहिजे. कार्ड आणि पेनड्राइव्ह यांवर फाइली लिहून ठेवण्याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत, आणि त्यांपैकी फॅट३२ ही पद्धत जवळजवळ प्रत्येक प्लेअरला येते. तिची मोठी मर्यादा अशी की एक फाइल ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाचे स्टिरिओ मुद्रण केले तर ही मर्यादा दोन तासांतच गाठली जाते, आणि रात्रभराच्या भजनाला दोन तास काहीच नव्हेत. म्हणूनच बरेच रेकॉर्डर फाइल २ जीबीची झाली की आपणहून पुढची फाइल सुरू करतात. प्रत करताना ते सगळे तुकडे क्रमाने आलेत ना, हे पाहावे लागते. ओव्यांसाठी २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झ मला पुरेसे वाटते. त्यात तासाला साधारण १ जीबी होतो आणि बाईच्या आवाजातले, जात्याच्या घरघरीतले काहीही हरवत नाही.

३२ जीबीहून मोठी एसडी कार्डे एक्सफॅट या पद्धतीने मांडलेली येतात. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २००६ मध्ये आणली, पण तिचे तपशील २०१९ पर्यंत सर्वांसाठी खुले नव्हते आणि ती वापरण्यासाठी उत्पादकांना परवाना घ्यावा लागे. जुन्या आणि स्वस्त प्लेअरना ६४ जीबीचे कार्ड ‘कोरे’ किंवा ‘खराब’ का वाटते, याचे कारण हेच आहे. अशा वेळी प्लेअर ‘फॉरमॅट करू का’ असे विचारतो, आणि ज्या कार्डावर नुकतेच मुद्रण केलेले आहे त्याच्या बाबतीत या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे किती भयंकर आहे, हे मी वेगळे सांगायला नको. कार्ड ठीक असते. प्लेअरला ती मांडणी वाचता येत नाही, इतकेच. मी शेतात किंवा गावात वापरायची कार्डे ३२ जीबीचीच ठेवते आणि ती रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करते. संगणकावर एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने मांडलेल्या हार्डडिस्का बऱ्याच प्लेअरना वाचता येत नाहीत, आणि एका डिस्कचे अनेक भाग केलेले असतील तर अनेकदा पहिलाच भाग दिसतो.

कॅमेरा आणि फोन यांचा प्रकार थोडा निराळा आहे. पेनड्राइव्ह स्वतःला साठवणीचे साधन म्हणून सादर करतो. कॅमेरे पुष्कळदा पीटीपी या छायाचित्रांसाठीच्या पद्धतीने बोलतात, आणि आजचे फोन तिच्यावरच बेतलेल्या एमटीपीने. त्यामुळे ज्या प्लेअरला फक्त साठवणीचे साधन कळते त्याला असा कॅमेरा दिसत नाही. काही कॅमेऱ्यांच्या मेन्यूत या दोन पद्धतींमधली निवड करता येते, ती जरूर पाहावी. इथेही कार्ड काढून रीडरमध्ये घालणे हा मार्ग मला अधिक भरवशाचा वाटतो.

प्रत झाल्यावर कार्ड लगेच उपटू नये. प्लेअर ‘पूर्ण’ असे दाखवतो तेव्हाही लिहायचा शेवटचा भाग कधीकधी त्याच्या स्मृतीतच असतो. मेन्यूतला ‘इजेक्ट’ किंवा ‘सुरक्षित काढा’ हा पर्याय वापरला की तो भाग लिहून पुरा होतो. त्यानंतर मी प्लेअरवरची प्रत उघडून तिची शेवटची काही मिनिटे ऐकते. फाइलचा आकार आणि कालावधी मूळ फाइलशी जुळतो का, हे तर पाहायचेच, पण शेवट ऐकल्याशिवाय मला चैन पडत नाही, कारण तुटलेली प्रत बहुधा शेवटाकडेच तुटलेली असते. आणि प्रत नीट झाली तरी मूळ कार्ड घरी संगणकावर उतरवेपर्यंत पुसायचे नाही. कार्डे आता इतकी स्वस्त आहेत की २००४ सालासारखी ती प्रवासातच रिकामी करण्याची गरज उरलेली नाही.

आपल्याला मराठी लोकांना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते, ती म्हणजे फाइलींची देवनागरी नावे. फॅट३२ मध्ये लांब नावे युनिकोडमध्ये साठवली जातात, त्यामुळे ‘सीतेची ओवी’ हे नाव प्रत करताना बिघडत नाही. मात्र प्लेअरमध्ये देवनागरीचा टंक नसेल तर पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, आणि टंक असूनही अक्षरजुळणी येत नसेल तर वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरे सुटतात. ऐन वेळी कोणती फाइल कोणाची, हे कळेनासे होते. म्हणून मी फाइलच्या नावात आधी तारीख आणि क्रमांक आकड्यांत ठेवते आणि देवनागरी नाव त्यानंतर. त्याशिवाय मुद्रण सुरू होताच बाईचे नाव, गाव आणि तारीख मी मोठ्याने बोलते. नाव पडद्यावर कसेही दिसो, फाइल लावली की ती स्वतःची ओळख सांगते.

नव्या प्लेअरमध्ये टाइप-सी पोर्ट असते आणि त्यात ओळखीची ती पाचवी पिन नाही. तिची जागा सीसी नावाच्या पिनांनी घेतली आहे. उपकरणाच्या बाजूला या पिनेवर ५.१ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) असतो. तो दिसला की समोरचा प्लेअर होस्ट होतो आणि वीज देऊ लागतो. पेनड्राइव्ह लावण्यासाठी आपण जी टाइप-सीची छोटी जोडणी घेतो तिच्यात हाच रोध बसवलेला असतो. टाइप-सीमुळे एक जुनी अडचण खरोखर सुटली आहे. पूर्वी एकाच पोर्टचा प्लेअर होस्ट असताना चार्ज होऊ शकत नसे, अगदी थोडे अपवाद सोडता. आता वीज कोणी द्यायची आणि संवाद कोणी चालवायचा या दोन भूमिका वेगळ्या करता येतात, त्यामुळे चार्जिंगची खाच असलेला टाइप-सी हब मध्ये ठेवला तर प्लेअर होस्टही राहतो आणि त्याला वीजही मिळते. प्लेअरने ही अदलाबदल मान्य केली पाहिजे, ही अट आहेच. एक इशारा मात्र सर्वच पोर्टना लागू आहे: दोन्ही टोकांना मोठे, चपटे, संगणकात बसणारे ‘ए’ टोक असलेली केबल वापरून दोन होस्ट एकमेकांना जोडू नयेत. दोन्ही बाजूंनी वीज येते, आणि त्यात यंत्र जळू शकते.

शेवटी डॅकविषयी. अँप्लिफायरला जोडलेला चांगला डॅक घरात असेल तर प्लेअरने फक्त आकडे पुरवायचे आणि त्यांचा आवाज बाहेरच्या डॅकने करायचा, ही योजना मला फार उपयोगी वाटते. मुद्रण केलेल्या ओव्या त्या बायकांच्या नातवंडांना एकत्र बसून ऐकवायच्या असतात तेव्हा मी हेच करते. पेनड्राइव्हला माहिती पाठवताना पाकीट चुकले तर ते पुन्हा पाठवले जाते, वेळ लागला तरी चालतो. ध्वनीच्या बाबतीत तसे नाही. ठरलेल्या क्षणी ठरलेले पाकीट गेलेच पाहिजे, आणि चुकले तर ते पुन्हा येत नाही. ऐकणाऱ्याला टिचकी किंवा खंड ऐकू येतो. म्हणून या जोडणीत केबल आखूड आणि चांगली असावी, आणि मध्ये हब शक्यतो टाळावा.

सर्वच प्लेअर यूएसबीतून ध्वनी बाहेर देत नाहीत. पेनड्राइव्ह वाचणारा प्लेअर डॅक चालवीलच असे नाही, कारण त्यासाठीचा ड्रायव्हर वेगळा असतो. यूएसबी ध्वनीचे पहिले मानक १२ मेगाबिटच्या वेगावर चालते आणि त्यात स्टिरिओसाठी व्यवहारात २४ बिट व ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाता येते. त्यापुढच्या दर्जासाठी दुसरे मानक लागते. प्लेअर अँड्रॉइडवर चालणारा असेल तर अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, यूएसबी ध्वनीची सोय मुळातच आहे, पण अँड्रॉइडचा नेहमीचा मार्ग बहुतेक वेळा सगळे संगीत ४८ किलोहर्ट्झमध्ये बदलून पुढे पाठवतो. ४४.१ किलोहर्ट्झमध्ये असलेली सीडी जशीच्या तशी डॅकपर्यंत पोहोचावी असे वाटत असेल तर स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर वापरणारे अ‍ॅप घ्यावे लागते, किंवा ज्याच्या उत्पादकाने हा टप्पा वगळला आहे असा प्लेअर. डॅकवर दाखवला जाणारा आकडा पाहिला की काय चालले आहे ते लगेच कळते: ४४.१ ची फाइल लावल्यावर तिथे ४८ दिसले तर बदल होत आहे.

डॅकही वीज मागतो. स्वतःचा वीजपुरवठा असलेला डॅक प्लेअरच्या बॅटरीवर फारसा भार टाकत नाही. केबलच्या टोकाला लटकणारे छोटे डॅक मात्र सगळे प्लेअरकडूनच घेतात. आणि पहिल्यांदा जोडताना हेडफोन कानाला लावू नयेत. बाहेरचा डॅक जोडला की प्लेअरची आवाजाची कळ कधीकधी निष्प्रभ होते आणि ध्वनी पूर्ण पातळीवर बाहेर पडतो, त्यामुळे हेडफोन टेबलावर ठेवूनच गाणे सुरू करावे, आवाज कोणत्या कळीने कमी होतो ते पाहावे, आणि मगच ते कानाला लावावेत.